बियाण्याचा भोपळा

टप्.

दुपारचे दोन वाजले असतील. बाळ झोपलं होतं, थोरली शाळेत होती आणि सासरे पुढच्या खोलीत पेपर तोंडावर घेऊन आडवे झाले होते. वीज गेल्यामुळे पंख्याचीही घरघर नव्हती. तेवढ्यात मागच्या कोठीतून आवाज आला, टप्. थोड्या वेळाने पुन्हा. पत्र्याच्या डब्यावर काहीतरी ठिबकत होतं. कोठीत नळ नाही. काय ठिबकतंय ते मला उठायच्या आधीच कळलं.

सासरे दरवर्षी मागच्या अंगणात लाल भोपळ्याचा वेल लावतात. चौतीस वर्षं त्यांनी लेथवर काढली. लेथवर कातलेल्या लोखंडी जॉबवरून अंगठ्याचं नख फिरवून ते सांगायचे, "अजून केसभर घे," आणि मोजून बघितलं की तेवढंच निघायचं, असं माझा नवरा अजून पाहुण्यांना सांगतो. तेच नख ते आता भोपळ्याला लावतात. सालीत रुतलं तर कच्चा, नुसतं घसरलं तर तयार. मग चार बोटं देठ ठेवून तोडायचा. दहा-बारा दिवस ऊन दाखवायचं, रोज कूस बदलायची, संध्याकाळी वर गोणपाट घालायचं. त्यानंतर कोठीतल्या उंच फळीवर, खाली पेंढा घालून, एक दुसऱ्याला टेकणार नाही असे ठेवायचे. असे ठेवलेले भोपळे सहा-सहा महिने हलत नाहीत.

"आणि देठ म्हणजे दांडी नव्हे," हे ते दरवर्षी बजावतात. "देठाला धरून उचलला की गेला. देठ निखळला तर तो भोपळा आधी चिरायचा, ठेवायचा नाही."

यंदा नऊ भोपळे लागले होते. त्यातला सगळ्यात मोठा बियाण्याचा. त्यांनी त्याच्यावर खडूने फुली मारून ठेवली होती. एकोणीस वर्षं झाली, त्यांनी बी विकत आणलेलं नाही. चांगल्यातला चांगला भोपळा शेवटपर्यंत ठेवायचा आणि लावणीच्या तोंडावर फोडून त्याचं बी काढायचं, ही त्यांची रीत.

त्यांचा गुडघा धरला होता म्हणून भोपळे फळीवर चढवायचं काम मी अंगावर घेतलं. "राहू द्या बाबा, मी ठेवते. भोपळेच आहेत, लेथ मशीन नाही."

"मशीन परवडलं," ते म्हणाले, "त्याला देठ नसतो."

आठ नीट चढवले. नववा उचलणार तोच बाळ रडायला लागलं. मी धावत जाऊन त्याला खांद्यावर घेतलं आणि परत आले. म्हटलं, एकच तर राहिलाय. एका हाताने बाळ सांभाळत दुसऱ्या हाताने भोपळा उचलला. देठाला धरून.

कट् झालं. देठ माझ्या मुठीत राहिला.

त्या आठवड्यात माझ्या हातून तीनदा दूध उतू गेलं होतं. थोरलीला मी सुट्टीच्या दिवशी डबा भरून शाळेत नेऊन सोडलं होतं आणि शिपाई आम्हा दोघींकडे बघून हसला होता. प्रत्येक वेळी सासरे एवढंच म्हणाले होते, "होतं गं." रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते "होतं गं" मला आणखी एकदा ऐकायचं नव्हतं.

कपाटातून डिंकाची बाटली काढली. देठ खाचेत झाकणासारखा बसला. भोपळा फळीवर अगदी मागे, भिंतीशी ठेवून दिला.

सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी तो चिरला असता. बी काढून ताटात वाळत घातलं असतं, आणि आम्ही आठवडाभर भोपळा खाल्ला असता. बस, इतकंच झालं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

दर रविवारी फळीवरचे भोपळे बघायचं काम माझ्याकडेच आलं होतं. मी बाकीचे बघायची. नवव्याकडे माझी मानच वळायची नाही. असे दोन महिने गेले.

त्या दुपारी टप् आवाजाने सासरेही उठले होते. स्टूल सरकवून ते वर चढायला लागले. मी म्हणाले, "गुडघा आहे बाबा, मी बघते." पण तोवर त्यांनी दोन्ही हात भोपळ्याच्या खाली घातले होते. दोन्ही अंगठे सरळ आत गेले. वास आला. पाच तोवर खाऊन झाले होते; शेजारचे उरलेले तीनही त्याच्या पाण्याने सडले होते. देठ गळून पेंढ्यात पडला होता. त्यावरचा डिंक त्यांना दिसायच्या आत मी तो चिखलासकट सुपलीत घेतला आणि वर राख टाकली.

ते खाली बसून बी शोधत होते. चारहींच्या लगद्यात बोटं फिरवून एक-एक दाणा काढून बघत होते. काही कुजून काळे पडले होते, काहींना आतच कोंब फुटून तेही मेले होते.

"एखादं तरी असेल," मी म्हटलं.

"नाही गं."

हात धुऊन आले आणि दाराच्या चौकटीवरून त्यांनी अंगठ्याचं नख फिरवलं. एकदा, मग पुन्हा. "कच्चा तोडला मी," ते म्हणाले. "तयार आहे असं वाटलं होतं. नखाला कळेनासं झालंय."

मी म्हणाले, "हो का?"

एवढंच. दोन अक्षरं. मला ती आजही तोंडात कडू लागतात.

संध्याकाळी नवरा कारखान्यातून आल्यावर हसत म्हणाला, "काय बाबा, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा परीक्षेत भोपळा?"

"भोपळा तरी कुठे उरला," ते म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी विळ्या-सुऱ्यांना धार लावायचं सोडलं. "बाजारात धारवाला येतो, त्याच्याकडे दे." थोरली नखं कापून घ्यायला त्यांच्या पुढ्यात हात पसरून बसली, तर म्हणाले, "आईकडे जा बाळा." अंगणातली वेलाची जागा तशीच पडून होती. मी विचारलं, "बी आणू का दुकानातून?" तर म्हणाले, "आता कशाला उगाच."

इथवर मी मनाची समजूत घातली. वय झालंय, कधी ना कधी हे व्हायचंच होतं, वगैरे.

पण दूध पाजून झाल्यावर बाळाला ढेकर यायचा तो फक्त त्यांच्या खांद्यावर. मी पाठ थोपटून थकायची, आणि ते दोन फेऱ्या मारायचे की काम फत्ते. त्या सकाळी मी नेहमीसारखं बाळ पुढे केलं. त्यांनी हात मागे घेतले.

"नको. तूच घे."

"का हो बाबा?"

"हाताचा भरवसा नाही आता. सुटलाबिटला तर?"

त्या दिवशी चहाच्या वेळी मी त्यांच्यासमोर बसले. ठरवूनच बसले होते. "बाबा, तो बियाण्याचा भोपळा होता ना..."

"अजून तेच धरून बसलीस?" त्यांनी माझ्याकडे बशी सरकवली. "मनाला लावून घेऊ नकोस. तुझी काय चूक त्यात? तू तर दर रविवारी बघत होतीस. माझंच वय झालं."

माझ्या तोंडापर्यंत आलेलं चहाबरोबर खाली गेलं. माझं सांत्वन ते करत होते, आणि मी ते करून घेतलं.

आज सकाळी माझे हात पिठात होते आणि बाळ पाळण्यात किंचाळत होतं. सासरे पाळण्याजवळच खुर्चीत बसलेले. अर्धे उठले, पुन्हा बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून पाळण्याकडे बघत राहिले. थोरली शाळेचा एक मोजा घालून, एक हातात घेऊन उभी होती. तिने ते पाहिलं. खुर्चीपाशी जाऊन तिने त्यांचा एक हात ओढून बाहेर काढला, उलटा-सुलटा करून बघितला, मग दुसरा. अंगठ्याचं नख दाबून बघितलं, फुंकर घातली.

"दुखतंय?"

"नाही गं."

"मग?"

ते हसले आणि माझ्याकडे बघितलं, तूच सांग आता हिला, अशा अर्थाने. ती त्यांचे दोन्ही हात धरूनच माझ्याकडे वळली.

"आई, आजोबांच्या हातांना काय झालंय?"