बोटभर पट्टी

"पांढरीत बसून तर बघा, मावशी," दलाल म्हणाला. "तीस हजार किलोमीटर पळालीय फक्त. फुलासारखी जपलेली गाडी."

मावशी बसल्या नाहीत. त्यांनी ड्रायव्हरच्या सीटवर तळहात टेकवून दाबला. तीस वर्षं गाड्यांची सीट कव्हरं शिवणारी बाई ती. इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सीट कळत होती.

लेकीला सोमवारी डोंगरापलीकडच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू व्हायचं होतं. तिकडे बस जात नाही. वाटेत गाडी बंद पडली तर हाक मारायलाही कोणी भेटायचं नाही. म्हणून मायलेकी सकाळपासून या दोन जुन्या गाड्यांभोवती घिरट्या घालत होत्या.

"कव्हर नवं आहे," मावशी म्हणाल्या, "पण आतला फोम पार बसलाय. तीस हजारांत एवढा नाही बसत. लाखाच्या वर गेलीय ही. आकडा फिरवलाय कोणीतरी."

दलालानं मान खाजवली. "मी तशीच घेतली हो. मला काय ठाऊक?"

दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. आज मात्र त्या आकड्यानं चुकीची बाई गाठली होती.

राखाडी गाडी रंग उडालेली, नव्वद हजार पळालेली. तिचा फोम नव्वद हजारांना शोभेल इतकाच बसला होता. मावशींचं बोट ड्रायव्हरच्या सीटच्या आतल्या कडेनं फिरत गेलं आणि थांबलं.

"काय गं, आई?"

"हे मी शिवलंय."

कडेला बोटभर रुंदीची पट्टी जोडलेली होती. कापड लेकीचे बाबा कापायचे, मावशी शिवायच्या. एकदा बाबांच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली असताना त्यांनी टेप सोडून सवयीनं वितीनंच मापलं. अंगठा ताणला गेला नाही आणि कापड बोटभर आखूड निघालं. "डोळे गहाण टाकलेत का?" असं सुनावून मावशींनी दोन दिवस अबोला धरला, आणि रागारागानं ही पट्टी जोडली, दुहेरी टाक्यांनी.

बाबांना जाऊन आता चार वर्षं झाली होती.

कव्हर विटलं होतं, बाकीच्या शिवणी सैल झाल्या होत्या. त्या जोडाचा मात्र एक टाका उसवला नव्हता. मावशी थक्क होऊन बघत राहिल्या. कव्हरं गठ्ठ्यानं जायची, कुठल्या गाडीत बसली तेही कधी कळायचं नाही. आपल्या दोघांच्या हातून इतकं टिकणारं काही झालं असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"मग हीच घेऊ," लेक हळूच म्हणाली.

"पट्टीसाठी नाही घ्यायची. आधी मेकॅनिकला दाखव. तुला डोंगर चढायचाय."

मेकॅनिकनं गाडी चढावर नेऊन आणली, बॉनेट उघडून कान लावला आणि म्हणाला, "रंगावर जाऊ नका. इंजिन ठणठणीत आहे."

सौदा ठरला. दलाल ओशाळून म्हणाला, "नवी कव्हरं घालून देतो, माझ्याकडून."

"राहू दे," लेक म्हणाली.

ती कागद घेऊन आली तेव्हा मावशी चपला बाहेर काढून ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या होत्या. स्वतःच्या शिवणीवर बसायची त्यांची ही पहिलीच वेळ. त्या उठल्या आणि शेजारच्या सीटवर गेल्या.

"तुझ्या बाबांशी दोन दिवस उगाच अबोला धरला मी," त्या म्हणाल्या.

लेकीनं गाडी सुरू केली. घर येईपर्यंत मावशींचं बोट लेकीच्या सीटच्या कडेला, त्या पट्टीवर होतं.