शर्लीची गोधडी आणि एरॉलचं स्वच्छता अभियान

शर्ली पापडी गावची. कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी एका बंद पडलेल्या मिठागरात गुडघे टेकून बसायची. “माझी बायको देवापेक्षा घाणीपुढे जास्त गुडघे टेकते,” असं तिचा नवरा एरॉल येईल-जाईल त्याला सांगायचा.

घाण म्हणजे मिठागराच्या तळावर पसरलेला चामड्यासारखा चिवट थर. सुरीने कापला की वर हिरवा, मध्ये जांभळट गुलाबी, खाली काळाकुट्ट. वास सडक्या अंड्यांचा. शेजारी उभा असलेला माणूस आधी आपल्याकडेच संशयाने बघणार. कोट्यवधी सूक्ष्मजीव या थरात एकावर एक राहायचे. शर्ली त्याला मॅट म्हणायची, एरॉल गोधडी.

“नालासोपाऱ्याची बिल्डिंगच की ही,” तो म्हणायचा.

“यांच्या पूर्वजांनी हवेत ऑक्सिजन सोडला म्हणून तू बोलतोयस. जरा आदर ठेव.”

पीएचडीसाठी दोन वर्षं ती बांबूच्या काठ्या रोवून आखलेल्या एकाच तुकड्याचा अभ्यास करत होती.

एरॉलचा वालीवला प्लास्टिकची झाकणं बनवायचा गाळा होता. महापालिकेची निवडणूक जवळ आली तशी त्याला नगरसेवक व्हायची हुक्की आली. लग्नांत डीजे लावणारा त्याचा मित्र विघ्नेश रातोरात प्रचारप्रमुख झाला.

“स्वच्छता अभियान करू,” विघ्नेश म्हणाला. “पण बीचवर नको, तिथे सगळेच करतात. अशी जागा पाहिजे, जिथे साफ करायच्या आधीचा फोटो बघून लोकांना ओकारी येईल.”

अशी जागा एरॉलला चांगलीच ठाऊक होती. शिवाय बायकोलाही बरं वाटेल, बिचारी किती दिवस त्या चिखलात बसते, असंही त्याच्या मनात आलं. माणूस मनाने वाईट नव्हता. तीच तर अडचण होती.

रविवारी मिस्सा संपवून शर्ली चर्चबाहेर आली आणि तिने फोन उघडला. ग्रुपवर फोटो होता. पिवळ्या टी-शर्टातली माणसं, प्रत्येकाच्या छातीवर एरॉल, प्रत्येकाच्या हातात फावडं. मागे तिच्या बांबूच्या काठ्या.

चर्चच्या कपड्यांतच तिने स्कूटर काढली.

ती पोचली तोवर तिचा अर्धा तुकडा खरवडून झाला होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाटल्या, थर्माकोल आणि त्यावर गोधडीच्या लाद्या उलट्यापालट्या पडल्या होत्या. एरॉल पांढराशुभ्र कुर्ता घालून पुढे आला.

“सरप्राइज! तुझी जागा साफ करून दिली!”

शर्ली त्याला ओलांडून पुढे गेली. ट्रॉलीवर चढली, एक लादी दोन्ही हातांनी उचलली आणि काळ्या बाजूने त्याच्या कुर्त्यावर थापली.

“वहिनी, लाइव्ह चालू आहे!” विघ्नेश ओरडला.

“चालूच ठेव. मतदारांना बघू दे. एरॉल, हे सगळं परत लाव.”

“परत? कुठे?”

“जिथून काढलंस तिथे. हिरवी बाजू वर.”

कार्यकर्ते नाश्ता मिळेल म्हणून आले होते. बाईच्या हातात दुसरी लादी बघून निमूट कामाला लागले. चिखलाने माखलेल्या लाद्यांची वर-खालची बाजू कोणाला कळत नव्हती. बऱ्याच उलट्याच बसल्या. ऊन चढलं तसे एकेक जण सटकले, विघ्नेश तर फोनची बॅटरी संपल्याबरोबर. एरॉल मात्र गुडघ्यांवर बसून लाद्या लावत राहिला. मग हळूच म्हणाला, “मेले का गं सगळे?”

“माहीत नाही,” शर्ली म्हणाली आणि तिथेच चिखलात बसून रडली. त्याने जवळ घ्यायला हात पुढे केला, आपल्या हाताचा वास घेतला आणि मागे घेतला.

तो व्हिडिओ विरारपर्यंत पोचला. “उमेदवाराला बायकोने शेण फासलं” असं त्याला नाव पडलं. ते शेण नव्हतं हे शर्ली पोटतिडकीने सांगायची, ऐकायचं कोणी नाही. पक्षाने तिकीट दुसऱ्याला दिलं. एरॉल थोडे दिवस घराबाहेर पडला नाही, मग मिठागरावर जायला लागला. शर्ली कॉलेजात असताना तोच जागेवर नजर ठेवायचा.

एका दुपारी त्याचा फोन आला. ती वर्गात होती, तरी तिने उचलला.

“उलट्या लाद्यांवर हिरवं आलंय,” तो एवढ्या मोठ्याने ओरडला की पहिल्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

खाली दबलेले धाग्यांसारखे हिरवे जीव चिखलातून सरकत उजेडाकडे वर आले होते. शर्लीच्या गाइड मॅडम खूश झाल्या: अर्धा तुकडा शाबूत, अर्धा उद्ध्वस्त, तुलनेला इतकी सुंदर सोय कोणी मुद्दाम करून दिली नसती. पीएचडीचा विषयच बदलला. प्रबंधात तिने लिहिलं, “मानवी हस्तक्षेपामुळे थराची हानी.”

“मानवी म्हणजे मी ना? मग नाव तरी घाल,” एरॉल म्हणाला.

“नको. पुढच्या वेळी त्यावर मतं मागशील.”

तो हसला आणि चिखलाचे बूट घेऊन नळाकडे गेला.