नवी ऐरण कुणासाठी

"नव्या कारखान्यात सगळं तुमच्याच सोयीने होईल, बाबा," असं जावई दर चहाला म्हणायचा, आणि दर वेळी म्हाताऱ्या लोहाराच्या मनात पाल चुकचुकायची. जन्मभर सुऱ्या-कोयते घडवलेला माणूस तो. गुळगुळीत पातं आणि गोड बोलणारा जावई, दोन्ही उजेडात धरून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

लेक-जावई सामान आणायला बाहेर पडले तसा तो गुपचूप कारखान्यात शिरला. भट्टी खिडकीपासून दूर, अंधाऱ्या बाजूला, म्हणजे तापल्या लोखंडाचा रंग नीट कळावा. सांडशा हाताशी, पातं बुडवायची तेलाची टाकी पाऊलभर अंतरावर. खोट काढायला जागाच नव्हती, याचाच त्याला जास्त राग आला.

मग त्याने खिशातून दोरी काढली. घरच्या जुन्या ऐरणीची उंची मोजून त्याने दोरीला गाठ मारून आणली होती. ऐरण ज्याची त्याच्या मापाची लागते. उभं राहून मूठ खाली सोडली की ती ऐरणीला टेकली पाहिजे. उंच झाली तर खांदा कामातून जातो, बुटकी झाली तर कंबर. त्याने दोरी लावून पाहिली. नवी ऐरण चांगली चार बोटं खाली होती.

"अस्सं आहे तर!" तो मोठ्याने म्हणाला. जावयाचा धाकटा भाऊही सुऱ्या घडवायचा, आणि तो होता बुटबैंगण. म्हणजे कारखाना त्याच्यासाठी, आणि सासरेबुवांनी दारात स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना या-बसा करायचं. हातोडा सुटला तर दिवसभर जगायचं कशावर, हे म्हाताऱ्याला कळेना.

दोघं परतले तेव्हा तो दार अडवूनच उभा होता.

"जावईबापू, ही ऐरण कुणाच्या मापाची?"

"तुमच्याच."

"मला खुळा समजता? भावाला आणायचंय तर सरळ सांगा की!"

जावयाने बायकोकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. म्हाताऱ्याला आणखी काय पुरावा हवा होता?

"भावाचा काय संबंध?" जावई म्हणाला. "तुम्ही काम करत होतात तेव्हा मी मागून माप घेतलं. या, मूठ सोडून बघा."

तो तणतणत गेला आणि मूठ सोडून उभा राहिला. मूठ ऐरणीला अलगद टेकली.

"थांबा, मी नीट उभा नाही," असं म्हणून त्याने पाठ ताठ करायला घेतली. चेहरा लाल झाला, पण पाठ होती तिथेच राहिली.

"बाबा, राहू द्या ना," लेक म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पाठ वाकलीय तुमची. आम्हाला सांगवेना."

जुन्या ऐरणीवर खांदा का भरून येतो, हे त्याला आत्ता कळलं. तो हातोड्याच्या वजनाला दोष देत होता, लोखंडवाल्याला शिव्या घालत होता. त्याला लाज वाटली, आणि रडूही आलं.

बराच वेळ त्याने मूठ तिथून हलवली नाही.

"अजून एक बोट उतरवून घ्या," शेवटी तो जावयाला म्हणाला. "पुढची काही वर्षं काढायचीत मला हिच्यावर."