प्रस्तावना सरांची

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी विधी महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी दोन पुस्तके टेबलावर शेजारी-शेजारी ठेवली. एक बारीक, हिरव्या पुठ्ठ्याचे. नऊ वर्षे तेच लागत होते. दुसरे नवे, जाडजूड. प्रशासकीय कायद्यासाठी यंदा कोणते लावायचे, हे तिघांनी ठरवायचे होते.

"हे जाडं बघूनच पोरं पळतील," प्राचार्य म्हणाले. "सर, तुमचं काय मत?"

ज्येष्ठ प्राध्यापकांनी हिरव्या पुस्तकावर हात ठेवला. "हेच राहू द्या. सुटसुटीत आहे."

तिसरी सभासद नवी प्राध्यापिका. आठ वर्षांपूर्वी याच सरांची विद्यार्थिनी. तिने पिशवीतून हिरव्या पुस्तकाची आपली जुनी प्रत काढली आणि पान एकशे बेचाळीस उघडले.

"इथे म्हटलंय, बडतर्फीविरुद्ध अपील साठ दिवसांत. सर, पुस्तक निघायच्या आधीच ती मुदत तीस दिवसांवर आली होती."

"छपाईची चूक असेल," प्राचार्य म्हणाले.

"असेल. दादाला नोकरीवरून काढलं तेव्हा हेच पान वाचून मी त्याला सांगितलं, घाई करू नकोस. एक्केचाळिसाव्या दिवशी तो अपील घेऊन गेला. घेतलं नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "अजून चिडवतो मला. म्हणतो, घरात वकील असावा तर असा."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग पुस्तकाचे पहिले पान उलटले. प्रस्तावना त्यांचीच होती: 'यातील प्रत्येक पान मी डोळ्यांखालून घातले आहे.' लेखक जुना मित्र. हस्तलिखित आठवडाभर कपाटावर पडून होते. सरांनी अनुक्रमणिका तेवढी पाहिली होती.

"सर, पहिल्या तासाला तुम्ही आम्हाला काय शिकवायचात?"

स्वतःच्या प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये. दरवर्षी ते फळ्यावर लिहीत, खाली दोन रेघा ओढत. त्यांनी खुर्ची मागे सारली.

"मी बाहेर थांबतो."

"अहो, कशाला? घरचीच तर बैठक," प्राचार्य अर्धवट उठले. पण सर दारापाशी पोचले होते.

बाहेरच्या बाकावर ते बसले. ग्रंथपाल बाई हातात हिरव्या पुस्तकांची चळत घेऊन जात होत्या.

"सर, वर्गाबाहेर काढलं की काय?"

"माझी सुनावणी चाललीय."

बाई हसल्या. "ही सहा बांधणीला टाकते. पोरं इतकी वापरतात, पुठ्ठे सुटलेत बघा."

सरांनी पुठ्ठ्यांकडे पाहिले नाही.

अकरा पन्नासला दार उघडले. दारात ती होती.

"आत या, सर. दुसराही नियम तुम्हीच शिकवलात. बाजू ऐकल्याशिवाय निकाल नाही."

सर उठले. "दादा हल्ली काय करतो?"

ती दार धरून उभी राहिली. ते आत गेले.

संध्याकाळी पाचला सूचना फलकावर पाठ्यपुस्तकांची यादी लागली. प्रशासकीय कायद्यापुढे 'निर्णय बाकी' असे लिहिले होते. बांधणीला निघालेली सहा पुस्तके सरांनी स्वतःच्या नावावर घेऊन, पान एकशे बेचाळीस हाताने दुरुस्त करायला, घरी नेली होती.