नात्यातला फोन

न्यायालयाच्या मागच्या इमारतीत, जुन्या फायलींच्या खोलीला लागून, दोन टेबलं आणि दोन फोन एवढाच जिचा संसार अशी एक खोली होती. दारावर ‘आठवण कक्ष’ अशी पाटी. काम सांगायला सोपं होतं. ज्यांची उद्या कोर्टात तारीख, त्यांना आज फोन करायचा आणि सांगायचं, की बाबा रे, उद्या ये. माणसं तारखा विसरतात. रजा मिळत नाही, कागद हरवतो, पोर तापाने फणफणतं. तारीख चुकली की वॉरंट निघतं, दाराशी पोलीस येतात, आणि सायकल चोरल्याचा आरोप असलेला माणूस चोरीपायी नव्हे, तर विसरभोळेपणापायी आत जातो. हे वर बसलेल्या कुणा शहाण्याच्या ध्यानात आलं, केंद्राने राज्याला आणि राज्याने जिल्ह्याला अनुदान दिलं, आणि तीन वर्षांपूर्वी ही खोली उघडली.

खोलीतल्या बाईला सगळं कोर्ट आठवणबाई म्हणे. पन्नाशी ओलांडलेली, आवाज घोगरा पण स्वच्छ. त्याआधी तिने वीस वर्षं बस आगाराच्या चौकशी खिडकीत काढली होती, त्यामुळे एकच वाक्य दिवसाला दोनशे वेळा बोलताना तिला काही वाटत नसे. समोरच्या टेबलावर एक निवृत्त पोस्टमन बसत. त्यांना सगळे पोस्टमनकाका म्हणत. दोघांनी मिळून तीन वर्षांत असं काम केलं, की पूर्वी शंभरातले एकतीस जण तारीख चुकवत, ते आता नऊच चुकवू लागले.

आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. यंदा वरून पत्र आलं. तारखा चुकण्याचं प्रमाण लक्षणीय घटल्याने योजनेचं उद्दिष्ट साध्य झालं आहे, सबब निधी अन्य गरजू योजनांकडे वळवण्यात येत आहे. म्हणजे ताप उतरला, आता औषधाची बाटली शेजारी देऊन टाका. पोस्टमनकाकांची जागा लगेच गेली. आठवणबाईची महिनाअखेरीस जायची होती. हे पत्र वाचून दाखवताना साहेबांचाही चेहरा उतरला होता. साहेब म्हणजे अनुदानाचे अर्ज लिहिणारे अधिकारी. सगळे त्यांना अर्जसाहेब म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागे. माणूस वाईट नव्हता, नुसता थकलेला होता. एका योजनेतून नाव काढलं की तो दुसरी योजना शोधायचा, तिच्या भाषेत तीच गोष्ट पुन्हा लिहायचा, आणि वाट बघत बसायचा. आताही त्याचा नवा अर्ज तयार होता. तो मंजूर झाला तर वर्षभराने खोली पुन्हा उघडणार होती.

कक्षाचे नियम डझनभर होते, पण अनुदानाच्या अटींमध्ये ठळक अक्षरांत छापलेला एकच होता. नात्यातल्या माणसाला फोन करायचा नाही. कुठल्याशा गावी कुणीतरी आपल्या मेव्हण्याला कोर्टात काय बोलायचं ते फोनवरून पढवलं होतं म्हणे. म्हणून रोजच्या नोंदवहीत ‘नातं’ असा एक रकाना होता आणि त्यात रोज ‘नाही’ लिहायचं असे. यादीत नातेवाईक निघालाच, तर त्याची चिठ्ठी उलटी करायची आणि काही न बोलता समोरच्या टेबलावर सरकवायची. आठवणबाईने तीन वर्षांत अकरा वेळा अशी चिठ्ठी सरकवली होती. अकराही वेळा एकाच माणसाची, तिच्या धाकट्या भावाची.

भाऊ रंगारी होता. सात वर्षांपूर्वी कंत्राटदाराशी मारामारी झाली, खटला उभा राहिला, जामीन मिळाला. मग तो परगावी कामाला गेला, एक तारीख चुकली, वॉरंट निघालं. तो परतल्यावर एका सकाळी पोलीस बहिणीच्या दारात उभे राहिले. भाऊ आहे का, विचारलं. गणवेशासमोर खोटं बोलायची तिला सवय नव्हती. “मागच्या खोलीत झोपलाय,” ती म्हणाली. जामीन रद्द होऊन तो चौदा महिने आत राहिला, मग पुन्हा जामिनावर सुटला. नेताना तो एवढंच म्हणाला होता, “ताई, नुसतं नाही म्हणाली असतीस.” त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. तिचा नंबर दिसला की तो फोन उचलत नसे. तो कुठे राहतो, हेही तिला माहीत नव्हतं. या नोकरीची जाहिरात वाचून तिने त्याच दिवशी अर्ज का केला, ते सांगायला नकोच.

पोस्टमनकाका त्याला फोन करत आणि रिसीव्हर ठेवल्यावर यादीकडे बघतच म्हणत, “बोललो. येतो म्हणाला. आवाज बरा वाटला.” कधी, “सर्दी आहे त्याला.” कधी, “कुठेतरी शाळा रंगवतोय.” नियमात हेही बसत नव्हतं, पण काकांनी चाळीस वर्षं लोकांची खुशाली घरोघर पोचवली होती, त्यांना राहवत नसे. आठवणबाई नुसती मान हलवायची आणि पुढचा नंबर फिरवायची. भावाचं एवढंच तिच्या वाट्याला येत होतं आणि त्यावर ती पुढच्या तारखेपर्यंत काढत होती.

जाताना काकांनी एक चूक केली. चूक चांगल्या मनाने केली, म्हणून तिचा राग करणंही जिवावर येतं. आपण गेल्यावर आपल्या माणसांचं काय, या काळजीने त्यांनी शेवटच्या दिवशी पुढच्या महिनाभरातल्या सगळ्यांना एकदमच फोन करून ठेवले. प्रत्येकाला त्याची तारीख सांगितली, कागदावर लिहून घ्यायला लावली. कक्षाची रीत मात्र आदल्या दिवशीच फोन करायची होती, आणि ती उगाच नव्हती. कोर्टाच्या तारखा पुढेमागे होतात.

काका गेल्यावर, पंधरा तारखेला अकरा वाजता दुसऱ्या दिवशीच्या चिठ्ठ्या आल्या. सव्वीस होत्या. आठवणबाईने गठ्ठा चाळला. नवव्या चिठ्ठीवर भावाचं नाव दिसलं तसा तिचा हात सवयीने चालला. तिने चिठ्ठी उलटी केली आणि समोरच्या टेबलावर सरकवली. रिकाम्या टेबलावरून ती घसरत पलीकडच्या काठाला जाऊन थांबली. तिथे खुर्ची होती, माणूस नव्हता. तिने उठून चिठ्ठी परत आणली आणि नीट वाचली. उद्या, सोळा तारीख, साडेदहा, खोली क्रमांक चार.

तिने काकांना फोन लावला. ते लेकीकडे, दूरच्या गावी राहायला गेले होते.

“काका, धाकट्याला कुठली तारीख सांगितलीत?”

“चोवीस,” काका म्हणाले. “बदलली का?”

“सोळा झालीये. उद्या.”

“अरे देवा. मी लिहून घ्यायला लावलं गं त्याला.”

काकांनी स्वतःच्या फोनवरून तीनदा लावून पाहिला. अनोळखी नंबर तो उचलत नव्हता. मेसेज त्याने कधी वाचलाच नसता. त्याला चष्मा लागला होता आणि तो काही त्याने केलेला नव्हता. कक्षाचा नंबर दिसला तरच तो उचलायचा. एकदा जामीन रद्द झालेला माणूस दुसऱ्यांदा चुकला, तर जामीन पुन्हा मिळणार नव्हता.

आठवणबाई चिठ्ठी घेऊन अर्जसाहेबांच्या केबिनमध्ये गेली.

“साहेब, हा एक फोन तुम्ही करा.”

साहेबांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढून डोळे चोळले. “बाई, मी नेमलेला माणूस नाही. तो फोन माझ्या नावावर पडला, तर वर काय सांगू?”

“मग मी करते.”

“तुम्ही केलात तर सरळ अट मोडते. नवा अर्ज समितीपुढे आहे. नोंदवह्या मागवल्यात त्यांनी.” त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. “बघा, शंभरात नऊ चुकतातच आपले. हा त्यातला एक समजा.”

ते दुष्टपणाने बोलले नव्हते. बारा वर्षं आकडे मांडून त्यांची जीभच तशी वळली होती. आठवणबाईने चिठ्ठी उचलली आणि ती निघाली.

आधी तिने पंचवीस फोन केले. दोघांना रजेची अडचण होती, एकीला पत्ता सांगावा लागला, एक आजोबा कोणती खोली म्हणून चारदा विचारत राहिले. चारदा सांगितलं. तीन वाजत आले. नवा अर्ज बुडाला तर रोजच्या अशा वीस-पंचवीस माणसांना फोन जाणार नव्हते, ते सगळे एका पारड्यात होते, हे तिला पक्कं कळत होतं. त्यांच्याही कुणी ना कुणी बहिणी असणार. पण आता ती एवढी थकली होती, की सगळ्या जगाचं भलं करायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. एकाचं झालं तरी पुष्कळ होतं. तिने नंबर फिरवला.

दुसऱ्या घंटीला त्याने उचलला. “हां, बोला काका.”

आठवणबाईने कागद समोर धरला आणि छापलेलं वाक्य वाचायला लागली. “नमस्कार. मी न्यायालयाच्या आठवण कक्षातून बोलते आहे. तुमची तारीख उद्या, सोळा रोजी, सकाळी साडेदहा वाजता, खोली क्रमांक चारमध्ये आहे. येताना ओळखपत्र आणा.” आवाज हलला नाही. चौकशी खिडकीची वीस वर्षं कामी आली.

पलीकडे ब्रश डब्याच्या काठावर निथळवल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

“काकांनी चोवीस सांगितली होती.”

“बदलली. आज सकाळी कळलं.”

“काका कुठायत?”

“त्यांची जागा बंद झाली.”

आवाज त्याने ओळखला होता, यात शंका नव्हती. आता फोन ठेवेल म्हणून ती रिसीव्हर घट्ट धरून बसली. छापलेल्या कागदावर अजून एक ओळ उरली होती. ती प्रत्येकाला विचारायचीच असे.

“तुम्हाला येण्यात काही अडचण आहे का?”

“सहा वर्षांनी विचारतेस,” तो म्हणाला.

तिने कागद खाली ठेवला. “हो,” ती म्हणाली. “उशीर झाला. चुकलं माझं. नाही म्हणायला हवं होतं मी.”

त्याने फोन ठेवला. येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही.

तिने नोंदवही उघडली. ‘संपर्क झाला’ पुढे ‘होय’ लिहिलं. ‘नातं’ या रकान्यात नेहमीच्या सवयीने ‘नाही’ लिहिता आलं असतं, आणि ते कुणालाही कळलं नसतं. काकांची सही मारता आली असती. सहा वर्षांपूर्वी खोटं बोलता आलं नव्हतं, आणि आज बोलायचं, तर ते त्याचं नातं नाकारून. तिने ‘बहीण’ असं लिहिलं आणि वही साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

साहेबांनी पान वाचलं. “हे लिहायलाच हवं होतं का, बाई?”

“हो.”

“मग नवा अर्ज विसरा.” त्यांनी वही मिटली. रागावण्याइतकी ताकद त्यांच्यातही नव्हती. “चहा घेणार?”

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला ती खोली क्रमांक चारच्या बाहेर बाकाच्या टोकाला उभी होती. दहा वीस झाले, दहा पंचवीस झाले. साडेदहाला पुकारा सुरू झाला. आणखी दोन नावं झाली, तेव्हा जिन्यातून तो धापा टाकत आला. केस पांढरे झाले होते. नखांत निळा रंग होता. तिच्याकडे न बघता तो सरळ आत गेला. आठवणबाई बाकावर बसली.

पाऊण तासाने तो बाहेर आला. हातात पुढच्या तारखेची चिठ्ठी होती. ती त्याने डोळ्यांपासून लांब धरून पाहिली, मग तिच्यापुढे केली.

“काय लिहिलंय?”

“पुढच्या महिन्यात. अकरा तारखेला.”

“फोन येईल ना आदल्या दिवशी?”

“कक्ष बंद होतोय,” ती म्हणाली. “तीस तारखेनंतर इथे कुणी नसेल.”

त्याने मान हलवली. चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली.

“तुझा नंबर तोच आहे?”

“तोच.”

“मग घरून कर.” तो जिन्याकडे वळला, दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. “ते नमस्कार वगैरे वाचू नकोस. शेवटचं तेवढं विचार.”

तो गेला. आठवणबाई मागच्या इमारतीत आपल्या खोलीत आली. टेबलावर उद्याच्या चिठ्ठ्या येऊन पडल्या होत्या, बावीस. तिने पहिली उचलली आणि नंबर फिरवला.