कोरडेवाडीचं स्टेशन

संभाजीरावांच्या राजवर्धनचं लग्न सणसरच्या सुप्रियाशी जवळजवळ ठरलंच होतं. अडलं ते तिच्या आजीपाशी. कुशाबाईंना एसटी लागायची आणि जीपही लागायची; बसल्या की मळमळायचं. त्यांनी रोखठोक सांगितलं, "जिथं रेल्वे जाती तितंच नात देणार. मला भेटाया जाता आलं पायजे. बारामतीपतुर मी बैलगाडीनं जाईन."

"आमच्या कोरडेवाडीत स्टेशन हाय की," संभाजीराव म्हणाले.

ते खोटं नव्हतं. दौंड-बारामतीच्या बारक्या रुळांवर साहेबाच्या काळात गुळाच्या ढेपा चढवायला ते बांधलं होतं. गार्ड उतरून गुऱ्हाळावर रस पिऊन यायचा आणि तोवर गाडी त्याची वाट बघायची. पुढं गूळ ट्रकनं जाऊ लागला, गावात एसटी आली, आणि गाडीनं थांबणं सोडलं. ब्याण्णव साली, ही सोयरीक निघाली तेव्हा, तिकीटघरात बिरूच्या शेळ्या बांधलेल्या असायच्या.

कुशाबाई स्टेशन बघायला येणार, असा निरोप आला. संभाजीराव तडक बिरूकडं गेले.

"शेळ्या जरा हलव बाबा."

"हलवतो तात्या, पर त्यास्नी हितलीच सवय हाय."

शेळ्या रुळापलीकडच्या बाभळीत गेल्या. भिंतींना चुना लागला. लेंड्यांचा वास मात्र उदबत्तीला दाद देईना.

ठरल्या दिवशी कुशाबाई जीपमधून उतरल्या, तोंडावर पाणी मारलं आणि बाकावर बसल्या. "आता गाडी बघूनच उठते."

"घरी चहा तर घ्या, आक्का."

"येऊ द्या गाडी."

दिवस कलला, लांबून शिट्टी ऐकू आली. तेवढ्यात शेळ्यांची घरी परतायची वेळ झाली. बिरू हाकलत असतानाही त्या रूळ ओलांडून तिकीटघराकडं निघाल्या. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला आणि गाडी फलाटाशी उभी राहिली. संभाजीरावांनी डोळे मिटून बिरोबाला नारळ बोलला. डोळे उघडले तर बाक रिकामा.

"बारामतीला उतरते," कुशाबाई खिडकीतून म्हणाल्या. "त्या जीपमधून परत न्हाय जायची."

संभाजीरावांनी मोटारसायकल दामटली. बारामती स्टेशनबाहेर कुशाबाई चहा पीत बसल्या होत्या.

"आक्का, खरं सांगतो. गाडी तितं थांबत न्हाय. शेळ्यांपायी थांबली."

"सगळ्या डब्यानं सांगितलं मला." त्यांनी बशीवर फुंकर घातली. "तुमी थांबती म्हणाला न्हवता, मी बी इचारलं न्हाय. म्हातारीसाठी एवढा चुना लावला, म्हंजे माणसं वाईट नसणार."

"मग सोयरीक पक्की?"

"आदी मला सणसरला पोचवा."

जीप कोरडेवाडीतच राहिली होती. कुशाबाई पदर खोचून मोटारसायकलवर मागं बसल्या. संभाजीराव घडोघडी विचारत होते, "मळमळतंय का?" सणसरच्या वेशीत त्या उतरल्या, तेव्हा चेहरा चांगला तुकतुकीत होता.

"ह्यावर वारा लागतोय," त्या म्हणाल्या. "हे आजवर कुणाला सुचलं कसं न्हाय?"

लग्न झालं. पुढं एमआयडीसीत कामाला निघालेल्या सणसरच्या पोरांना एक गोष्ट पाठच झाली. नातीकडं जायला रस्त्याकडेला हात करून उभी असलेली म्हातारी दिसली की मोटारसायकल थांबवायची. कारण ती हात खाली घेत नसे.