हाडाचा पाहुणा

माझ्या हृदयाचा खालचा कोपरा मेलाय असं डॉक्टर स्पृहाने सांगितलं, तेव्हा मी तिला विचारलं, मग त्याचं सुतक किती दिवस धरायचं? ती हसली नाही. पुण्याकडची पोर, नोकरीसाठी म्हैसूरला आलेली. पण बोलली मराठीत, म्हणून मी पुढचं सगळं ऐकून घेतलं. बायको भवानीबाई गेल्यापासून माझ्याशी मराठीत कुणी बोललं नव्हतं. मुलगा विश्वजीत बेंगळुरूहून फोन करतो आणि कन्नडात विचारतो, "ऊटा आय्ता?" जेवण झालं का? मी म्हणतो, "आय्तु." झालं. फोनही झाला.

तर त्या मेलेल्या कोपऱ्यात मूळपेशी सोडून बघायचा प्रयोग त्यांच्या हॉस्पिटलात चालला होता. आता कन्नडात मूळे म्हणजे हाड. मला वाटलं, हाडाच्या पेशी. आणि गंमत बघा, चूकच बरोबर निघाली! कुणा तरुण माणसाच्या हाडातल्या मज्जेतूनच त्या काढल्या होत्या. कोणाच्या, ते सांगत नाहीत. शिवाय निम्म्या लोकांना पेशी, निम्म्यांना नुसतं पाणी, आणि कुणाला काय मिळालं ते वर्षभर डॉक्टरांनाही कळायचं नाही. मला मात्र कळायलाच हवं होतं. आत कुणी आलंय, की मी एकटाच आहे?

मांडीच्या शिरेतून नळी घालून त्यांनी काय सोडायचं ते सोडलं, मी घरी आलो. विश्वजीतचा फोन ठेवतो न ठेवतो तोच छातीतून आवाज आला, "अहो, आय्तु काय म्हणता? झालं म्हणा."

खोटं सांगत असेन तर चामुंडीच्या डोंगरावरच्या नंदीने उठून मला शिंग मारावं.

पाहुणा पक्का पुणेरी. रागीच्या मुद्द्याला, म्हणजे नाचणीच्या उकडलेल्या गोळ्याला, नाक मुरडायचा. चपाती केली तर म्हणायचा, पोळी म्हणा. तलकाडला नेला, तर वाळूत बुडालेली देवळं बघून असा धडधडला की ड्रायव्हरने बस थांबवून इंजिन उघडलं. मी त्याला आमच्या घराण्याच्या गोष्टी सांगायचो. पणजोबा म्हैसूरच्या राजाचे घोडेस्वार, त्यांच्या घोड्याने कावेरी एका उडीत ओलांडली. भवानीबाई इथे हमखास म्हणायची, "गेल्या वेळी दोन होत्या." पाहुणा तसं कधी म्हणाला नाही. तेवढंच एक उणं.

मी दोन लोटे कॉफी करू लागलो. आतला असला तरी पाहुणाच. त्याचा लोटा निवला की मीच पिऊन टाकायचो, म्हणजे पोचायची त्याला.

तपासणीत स्पृहा विचारायची, काही वेगळं वाटतं का? मी नाही म्हणायचो. सांगितलं असतं तर तिने पाहुण्याला औषध दिलं असतं.

वर्ष भरलं. ती बेळगोळच्या रस्त्याला राहते, घरी जाताना स्वतःच आली. टेबलावर दोन लोटे वाफाळत होते. तिने एक उचलला.

"माझी वाट बघत होतात?"

"हो," मी म्हटलं.

तिने एक घोट घेतला आणि लोट्यातच बघत राहिली. "गंगाधरराव, काल कळलं. तुम्हाला पेशी नव्हत्या. पाणीच होतं."

मी आत कान दिला. आत कुणी काही बोललं नाही.

"कसलं पाणी?"

"सलाईन. मिठाचं पाणी."

"मग सरी आहे की, बरोबरच आहे," मी म्हटलं. "आम्ही शिपायांची जात. खाल्ल्या मिठाला जागणारच. वर्षभर जागलं बिचारं हृदय."

ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, हृदयाची ताकद थोडी वाढलीय, नेहमीच्या गोळ्यांनीही तेवढी वाढते, त्या बंद करू नका. प्रयोग संपला, आता तपासणीला यायची गरज नाही. मग हेल्मेट घेऊन उठली.

ती दाराशी पोचल्यावर मी विचारलं, पणजोबांच्या घोड्याची गोष्ट सांगितलीय का तुला?

"नाही." तिने घड्याळ पाहिलं. "थोडक्यात सांगा."

त्या संध्याकाळी घोडा काही पलीकडच्या काठाला लागेना. दर उडीला नदीत एक नवीन बेट निघत होतं.